चौथे पाणी

घरातले धुण्याचे कपाट हा काही विचार करण्यासारखा विषय आहे, असे आम्हाला परवापरवापर्यंत वाटत नव्हते. विचार करायचा तर धर्माचा करावा, न्यायाचा करावा, समाजापुढच्या प्रश्नांचा करावा. मळके कपडे, साबणाच्या वड्या आणि फुटक्या बादल्या यांत विचार करण्यासारखे काय आहे? पण या उन्हाळ्यात आम्ही ते कपाट आवरायला काढले आणि त्याच्या पोटातून असे काही बाहेर आले की आम्हा दोघा नवरा-बायकोची कित्येक दिवस झोप उडाली. न्याय आणि धर्म हे शब्द आपण सभा-संमेलनांतून सहज वापरतो. त्यांची परीक्षा मात्र घरातल्या मोरीजवळ होते. ती आम्ही कशी दिली आणि कुठे नापास झालो, ते वाचकांपुढे मांडावे म्हणून हा लेख.

आमचे घर सोलापुरातल्या एका जुन्या पेठेत आहे. पुढे ओटा, दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून मोरी. मोरीच्या बाजूला, जिन्याखाली एक फडताळ आहे. अब्बांनी घर बांधले तेव्हा ते जळण ठेवण्यासाठी केले होते. गॅस आला, जळण गेले आणि तिथे धुणे आले. कडाप्प्याच्या तीन फळ्या आणि दाराऐवजी जुन्या सोलापुरी चादरीचा पडदा. खाली मळक्या कपड्यांचा ढीग, मधे साबण, नीळ, ब्रश, चिमटे आणि वर धुतलेल्या चादरी, टॉवेल, अभ्रे, पाहुण्यांसाठी ठेवलेले जानमाज. पेठेत नळाला रोज पाणी येत नाही. त्यामुळे धुणे साठते आणि साठलेले धुणे या फडताळात कोंबले जाते. त्यातच मोरीच्या नळाची गळती भिंतीत मुरून ओल आली होती. धुतलेला कपडाही तिथे दोन दिवस राहिला की कुबट वास मारायचा. जुम्याच्या नमाजसाठी कुर्ता काढावा, नाकाशी न्यावा आणि पुन्हा दोरीवर टाकावा, असे कितीदा झाले असेल.

सुताराला बोलावले. त्याने प्लायवूडचे, सनमायका लावलेले कपाट सुचवले आणि २०,००० रुपयांचा आकडा सांगितला. थोरल्या मुलीची कॉलेजची फी भरण्याचा तो महिना होता. सुताराला चहा पाजून परत पाठवले आणि ठरवले, १,००० रुपयांच्या आत जे होईल ते करायचे. आधी नळाची गळती काढून घेतली. त्याचे ३०० रुपये गेले. ओल मुळात थांबवल्यावाचून वरून रंग देणे म्हणजे न धुतलेल्या अंगाला अत्तर लावणे. मागे एकदा त्या भिंतीला तैलरंग दिला होता. आतल्या ओलीला बाहेर पडायला वाट राहिली नाही आणि रंगाचे पापुद्रे सुटले. ते सगळे खरवडून काढले, मे महिन्यात आठ दिवस भिंत उघडी सुकू दिली आणि मग तिला चुना दिला. चुना स्वस्त आहे म्हणून गरिबाचा रंग समजला जातो, पण तो ओलीला कोंडत नाही आणि त्याच्या क्षाराने बुरशी धरत नाही. चुना आणि ब्रश मिळून १८० रुपये. बुरुडाकडून दोन टोपल्या घेतल्या, २४० रुपयांच्या. एक पांढऱ्या कपड्यांना, एक रंगीत कपड्यांना. बांबूच्या टोपलीत हवा खेळते, त्यामुळे ओलसर कपडाही लवकर कुबट होत नाही. खिळे, हूक आणि दोरी यांना ९० रुपये. घरात भाच्यांची लहान मुले येत-जात असतात म्हणून डांबराच्या गोळ्या टाळल्या. कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि लवंगांच्या पुरचुंड्या ठेवल्या. एकूण खर्च ८१० रुपये. हिशेब लिहून आम्ही खूश झालो होतो.

वरची फळी काढताना मात्र हात थांबला. फळीच्या मागे भिंतीचा गिलावा पडून दोन बोटांची फट झाली होती आणि आत पोकळी होती. तिच्यात काहीतरी अडकले होते. ओढून काढले तर तो जरीचा दुपट्टा निघाला. जर काळवंडलेली, कापडावर ओलीचे तांबूस डाग, पण ओळखायला एक क्षणही लागला नाही. २०१४ च्या डिसेंबरात आमच्या धाकट्या बहिणीचे लग्न झाले, त्यातला तो दुपट्टा होता. आणि त्याच्यापायी आम्ही आक्काला घरातून घालवले होते.

‘घालवले’ हा शब्द आज लिहितो आहोत. त्या वेळी आम्ही म्हणत होतो, “तिनेच काम सोडले.”

आक्का आमच्याकडे १९९८ पासून धुणे करायची. नवरा गिरणीत होता, गिरणी बंद पडली आणि ती चार घरची धुणी करू लागली. तिचा धर्म वेगळा, भाषा घरात तेलुगू आणि बाहेर सोलापुरी मराठी. पण आमच्या अम्मीने तिला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकवली होती, ती म्हणजे तीन पाण्यांचे धुणे. साबण निघाला म्हणजे कपडा साफ झाला, पण पाक व्हायचा तर स्वच्छ पाण्यातून तीनदा काढून दर वेळी पिळला पाहिजे. हनफी मसल्यात न दिसणारी नापाकी धुण्याची हीच रीत सांगितली आहे. आक्काने त्यावर कधी वाद घातला नाही. पाण्याची टंचाई असली की ती इतर कामातले पाणी वाचवायची, पण तिसरे पाणी चुकवायची नाही. दोरीवर कपडे टाकताना आत ओरडून सांगायची, “अम्मी, तीन पाणी काढलं बघा!” अम्मीची नमाज ज्या ओढणीत व्हायची, तिच्या पाकीची जबाबदारी सोळा वर्षे या बाईच्या हातात होती. अम्मीने त्याचा कधी पडताळा घेतला नाही. ते तिसरे पाणी फक्त आक्काच पाहत असे, आणि वरचा पाहत असे.

इथे साफ आणि पाक यांतला फरक थोडा सांगायला हवा, कारण पुढचा सगळा प्रश्न त्यावर उभा आहे. साफ हे डोळ्यांना दिसते. शेजाऱ्याला दिसते, पाहुण्याला दिसते. पाक दिसत नाही. परीटघडीचा कडक पांढरा कुर्ताही नापाक असू शकतो आणि डाग पडलेले जुनेर पाक असू शकते. दिसणारी नापाकी असेल तर ती निघेपर्यंत धुवावे, आणि ती निघूनही नुसता रंग मागे राहिला, तो काढणे जड जात असेल, तर तो डाग माफ आहे, असा मसला आहे. अम्मी तो आपल्या भाषेत सांगायची, “दाग रहता सो रहने दो, पानी तो पूरा डाली ना?” साबणाच्या जाहिराती पांढऱ्याहून पांढरे मागतात. शरीयत इतकेही मागत नाही. ती फक्त प्रामाणिक धुणे मागते. आम्हाला हा मसला नेहमीच फार दयाळू वाटत आला आहे.

लग्नाची धांदल संपली आणि दुपट्टा सापडेना. घर शोधले, ट्रंका उपसल्या. त्या आठवड्यात आमच्या घरातून चाळीस-पन्नास माणसे येऊन गेली होती. नातेवाईक होते, मैत्रिणी होत्या, स्वयंपाकी होते, मंडपवाले होते. पण आम्हा दोघांच्या मनात एकच नाव आले. का आले? आम्ही आज स्वतःला हे विचारतो तेव्हा उत्तर सरळ मिळते. त्या सगळ्यांत आक्का सर्वांत गरीब होती, एवढेच. दुसरा पुरावा नव्हता. कपडे तिच्या हातातून जायचे हे खरे, पण ते तर सोळा वर्षे जात होते. पाणी उतार पाहून वाहते, तसा संशयही नेहमी खालच्या बाजूला वाहतो. वरच्या बाजूच्या माणसावर संशय घ्यायला पुरावा लागतो आणि खालच्या माणसाला आपण निर्दोष असल्याचा पुरावा द्यावा लागतो.

आम्ही तिला एका शब्दानेही चोर म्हटले नाही. हीच दहा वर्षे आमची ढाल होती. आम्ही फक्त कपडे मोजायला लागलो. सकाळी टोपलीत टाकताना मोजायचे, वहीत आकडा लिहायचा, संध्याकाळी दोरीवरून काढताना पुन्हा मोजायचे. लग्नाच्या साड्या-दुपट्ट्यांच्या ट्रंकेला कुलूप लावले. आम्ही दोघे शिकलेले. शिस्त लावतो आहोत, असे एकमेकांना सांगितले. अम्मी म्हणाली, “गिनो नक्को बाबा, गिने तो बरकत उड जाती.” आम्ही हसलो. जुन्या बाईची अंधश्रद्धा म्हणून सोडून दिले. आक्का एक-दीड महिना ते मोजणे पाहत राहिली. फेब्रुवारीत एका सकाळी तिने निरोप पाठवला, गुडघे दुखतात, धुणे जमणार नाही. महिन्याचे राहिलेले पैसे घ्यायलाही ती आली नाही. आम्ही ते मुलाच्या हाती पाठवून दिले आणि मजुराचा घाम वाळण्याआधी मजुरी देण्याची शिकवण पाळल्याचे समाधान मानले. मनात म्हटले, बघा, चोराच्या मनात चांदणे.

मोजण्यात वाईट काय, असे कुणी विचारील. हा प्रश्न आम्ही टाळणार नाही, कारण तो आम्हीच स्वतःला बरेच दिवस विचारत होतो. हिशेब ठेवणे धर्माला नामंजूर नाही. उलट, उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार करा, हे कुराणात सूरह बकरामध्ये विस्ताराने सांगितले आहे. परीट तर कपड्यावर खूण करतो. पूर्वी ही खूण बिब्ब्याच्या रसाने करीत. चुना लावला की ती काळी पडे आणि कितीही धुण्यांत जात नसे. मुंबईच्या महालक्ष्मीच्या धोबीघाटावर असंख्य घरांचे कपडे एकत्र धुतले गेले आणि अशा खुणांच्या भरवशावर आपापल्या घरी परतले. त्या खुणेने कुणाचा अपमान होत नाही. मग आमच्या वहीने का व्हावा?

बराच विचार केल्यावर आम्हाला फरक दिसला तो असा. परिटाची खूण दोघांनाही ठाऊक असते आणि दोघांचेही रक्षण करते. उधारीच्या लिखतात देणारा आणि घेणारा दोघे समोर बसतात. तो हिशेब बरोबरीच्या माणसांचा असतो. आमची वही तशी नव्हती. ती एकाने दुसऱ्यावर ठेवलेली होती. आक्काला ना ती दाखवली, ना तिच्यासमोर लिहिली, ना “दोघे मिळून मोजू” असे म्हटले. जो हिशेब उघड असतो त्याने विश्वास वाढतो, आणि जो हिशेब पाठीमागे ठेवला जातो तो हिशेब नसतोच, ती पाळत असते. अम्मीच्या म्हणण्यातली बरकत कपड्यांच्या संख्येत नव्हती. सोळा वर्षांत साठलेला भरवसा हीच बरकत होती आणि ती मोजायला लागताच उडाली. अडाणी म्हणून आम्ही ज्या वाक्याला हसलो, त्यात आमच्या पदव्यांहून जास्त शहाणपण होते.

सूरह हुजुरातमध्ये एक आयत आहे. तिच्यात आधी फार संशय घेण्याचा निषेध आहे, मग दुसऱ्याच्या मागावर राहण्याचा आणि मग पाठीमागे निंदा करण्याचा. हा क्रम आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण तो क्रम आहे हे कधी ध्यानात आले नव्हते. आमच्या घरात सगळे नेमके त्याच क्रमाने घडले. आधी संशय आला. मग मोजणे आले. आणि तिसरी गोष्टही घडली, ती अजून सांगितलेली नाही. शेजारच्या बाईंनी विचारले, “आक्का येत नाही का हल्ली?” आम्ही म्हणालो, “जाऊ द्या हो. लग्नातला दुपट्टा गेला तेव्हापासून जरा लक्ष ठेवायला लागलो, तर तिने कामच सोडलं.” एवढेच बोललो. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. दोन महिन्यांत गल्लीतल्या आणखी दोन घरांनी आक्काला बंद केले.

आता या जागी वाचकांनी थोडे थांबावे. आम्ही ज्या समाजात जन्मलो त्याला संशयाची नजर काय असते हे कुणी समजावून सांगायला नको. घर भाड्याने बघायला गेल्यावर नाव सांगताच घरमालकाला अचानक आठवते की जागा कुणाला तरी आधीच दिलेली आहे. रेल्वेच्या डब्यात सामान कुणाचे, ही विचारणा आपल्याच बाकाशी येऊन जरा जास्त वेळ रेंगाळते. कुणी काही बोलत नाही. बोलले असते तर उत्तर देता आले असते. न बोललेल्या आरोपाला उत्तर कसे द्यायचे? त्यावर आम्ही लेख लिहिले आहेत, व्याख्याने दिली आहेत आणि टाळ्याही घेतल्या आहेत. आणि त्याच वर्षांत, आमच्याच मोरीवर, एका गरीब बाईला आम्ही तीच न बोलणारी नजर दिली. ज्याने एखादे दुःख स्वतः भोगले तो ते दुसऱ्याला देणार नाही, असा आपला समज असतो. तो खरा नाही. सोसल्याने माणूस आपोआप न्यायी होत नाही. त्याला न्यायी व्हावे लागते, आणि तेही जिथे त्याचा स्वतःचा हात वर आहे तिथे.

धुणाऱ्या माणसांकडे आपण तसेही खालीच पाहतो, मग ते कुठल्याही धर्माचे असोत. हजरत ईसांच्या साथीदारांना कुराणात हवारी म्हटले आहे. या शब्दाचे नाते शुभ्रतेशी जोडतात आणि काही भाष्यकारांच्या मते ते लोकांचे कपडे धुऊन पांढरे करणारे होते. आपल्या महाराष्ट्रात संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) परीट घराण्यात जन्मले, अंगावर चिंध्या जोडलेली वस्त्रे घालून गावोगाव हिंडले, दिवसा गाव झाडले आणि रात्री कीर्तन केले. त्यांच्या नावाने राज्यात ग्रामस्वच्छता अभियान चालले. घरकाम करणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदाही झाला. कायदा नोंदणी करून घेईल, लाभ देईल, पण मालकिणीच्या नजरेची नोंद कोणत्या मंडळात करायची? ती जबाबदारी ज्याच्या नजरेने इजा केली त्याचीच राहते.

दुपट्टा हातात घेऊन आम्ही बसलो तेव्हा पहिला विचार चांगला आला नाही, तोही सांगून टाकू. पहिला विचार असा आला की आता दहा वर्षे झाली, अम्मी २०१९ साली गेली, बहीण दुबईला आहे, आक्का कुठे आहे ठाऊक नाही. दुपट्टा गुपचूप ठेवून द्यावा, दोन रकात नफल पढून तौबा करावी आणि विषय संपवावा. अल्लाह माफ करणारा आहे. डाग माफ आहे, असे अम्मीच सांगायची.

पण मग अम्मीच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग आठवला. “पानी तो पूरा डाली ना?” डाग माफ आहे तो धुतल्यानंतर उरलेला. आम्ही अजून धुतलेच कुठे होते?

तौबाच्या तीन अटी उलमांनी सांगितल्या आहेत. ते काम सोडणे, त्याचा मनापासून पश्चात्ताप होणे आणि पुन्हा न करण्याचा निश्चय करणे. बंदा आणि अल्लाह यांच्यातला गुन्हा असेल तर एवढ्याने भागते. पण गुन्ह्यात दुसऱ्या माणसाचा हक्क बुडाला असेल, तर चौथी अट लागते. त्याचा हक्क त्याला परत करणे किंवा त्याच्याकडून माफ करून घेणे. हुकूकुल इबादचे प्रकरण मशिदीत बसून मिटत नाही, त्यासाठी त्या माणसाच्या दारात जावे लागते. आम्हाला हे पाठ होते. कपडा तीन पाण्यांत पाक होतो, पण माणसाच्या हक्काला चौथे पाणी लागते, हे मात्र त्या दिवशी जिन्याखाली बसून पहिल्यांदा समजले.

आक्काचा पत्ता शोधायला चार दिवस लागले. ती एका वस्तीत मुलीकडे राहते. मुलगी विड्या वळते आणि आक्काही गुडघे लांब करून तिच्या शेजारी पाने कापत बसली होती. तिने आम्हाला ओळखले. पहिला प्रश्न विचारला, “अम्मी बऱ्या हायेत का?” अम्मी गेल्याचे तिला कुणी कळवले नव्हते. आम्हीही नाही. ती थोडा वेळ गप्प बसली. मग पिशवीतून दुपट्टा काढून आम्ही तिच्यापुढे ठेवला आणि कुठे सापडला ते सांगितले. तिने तो उचलला, उजेडाकडे धरला, डागावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, “ह्यो ओलीचा डाग हाय. लिंबू-मीठ लावून उन्हात घाला. पर सगळा न्हाई निघायचा.”

आम्ही म्हणालो, “आक्का, आमची चूक झाली. माफ करा.” ती म्हणाली, “दुपट्टा गेला तवा मला बी वाईट वाटलं होतं. तुम्ही इचारलं असतं, तर म्या फळ्या काढून बघितल्या असत्या. त्या फटीत माझा साबण बी पडायचा.” आणि थोड्या वेळाने, “पर तुम्ही मोजाय लागला.”

विचारले असते तर सापडला असता! दहा वर्षांच्या अन्यायाला एका प्रश्नाने आळा बसला असता. संशयी माणूस विचारत नाही, कारण विचारायचे तर समोरच्याला उत्तर देण्याइतका माणूस मानावे लागते. आम्ही तेवढेही मानले नव्हते.

आम्ही सोबत काही पैसे नेले होते. पाकीट पुढे केले तर तिने हात मागे घेतला. “पैसे कशाचे? म्या काम केलं न्हाई.” आम्ही ओशाळलो. खरे सांगायचे तर त्या पाकिटात आमची सुटका होती, तिची भरपाई नव्हती. मग तुम्हाला काय हवे, असे आम्ही विचारले. ती पटकन म्हणाली, जणू उत्तर दहा वर्षे तयार होते, “त्या दोन घरी सांगा. म्या न्हाई घेतला म्हणून.”

वाचकहो, आक्काच्या दारात जाणे आम्हाला जितके जड गेले, त्याहून ही दोन घरे जड गेली. गरिबापुढे चूक कबूल करण्यात एक प्रकारचा मोठेपणाही मिळतो, आपलाच आपल्याला. बरोबरीच्या माणसापुढे तो मिळत नाही, तिथे फक्त लाज मिळते. एका घरी जाऊन सांगितले तर त्या बाई म्हणाल्या, “अहो, किती जुनी गोष्ट! आता कशाला?” दुसरे कुटुंब पुण्याला गेले आहे, त्यांना फोन केला. त्यांना आक्का आठवतच नव्हती. तिची अब्रू ज्यांच्या मनात बुडाली त्यांना ती बुडाल्याचे स्मरणही नव्हते, आणि तिच्या मनात मात्र त्या दोन घरांचे दरवाजे अजून बंद होते. शेवटी शेजारच्या बाईंकडे गेलो, जिथून हे सगळे पसरले. जे वाक्य त्या वेळी बोललो होतो ते पुन्हा उच्चारून दाखवले आणि म्हणालो, यातला एकही शब्द खोटा नव्हता, पण सगळे वाक्य खोटे होते.

त्या संध्याकाळी पुन्हा आक्काकडे जाऊन सांगितले की काम झाले. तिने मान हलवली. “बरं झालं” म्हणाली. “माफ केलं” असे ती म्हणाली नाही आणि आम्ही पुन्हा विचारले नाही. माफी मागणे हा आमचा धर्म होता. देणे हा तिचा अधिकार आहे, आणि अधिकार घाई करून वसूल करता येत नाही.

फडताळ आता नीट लागले आहे. चुन्याच्या भिंती पांढऱ्या दिसतात, कुबट वास गेला, टोपल्यांत कपडे आपापल्या जागी असतात. वरच्या फळीमागची फट सिमेंटने बुजवली. आता धुणे आम्ही घरातलेच पाळीपाळीने करतो. पडद्याच्या आतल्या बाजूला एक कागद लावला आहे, त्यावर ज्याची पाळी तो आपल्या हाताने आकडा लिहितो आणि तो कागद सर्वांना दिसतो. लग्नाच्या ट्रंकेचे कुलूप काढून टाकले.

दुपट्ट्याला लिंबू-मीठ लावून चार दिवस उन्हात घातला. मग तीन पाण्यांतून काढला. पुष्कळ निघाले, पण आक्का म्हणाली होती तसे सगळे निघाले नाही. एका कोपऱ्यात तळहाताएवढा तांबूस डाग राहिला आहे. तो माफ आहे की नाही हे ठरवणे आमच्या हातात नाही. पाणी पुरते घातले की नाही, एवढेच आमच्या हातात होते.